बंदुकीची दुरुस्ती : घरच्या घरी की कारागिराकडे?



मथळा वाचून काही आजी-आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सणवार, मलिदा, लग्न-मुंजीच्या बातम्या सोडून या पत्रिकेत बंदूक कुठून आली? पण खरं सांगायचं तर ती आमच्या आधी काही घरांत पोचली आहे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शब्बाथच्या सकाळी, पिट्सबर्गच्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये ११ माणसं मारली गेली. त्यानंतर अमेरिकेतल्या बऱ्याच ज्यू कुटुंबांत, ज्यांनी आयुष्यात कधी हत्यार हातात धरलं नव्हतं त्यांच्यातही, बंदुकीची बोलणी सुरू झाली. कुणी विकत घेतली. कुणाच्या घरात ती अमेरिकन सुनेच्या किंवा जावयाच्या माहेरकडून आली. कुणी जुनं घर विकत घेतलं आणि तळघरातल्या कपाटामागे दुनळी सापडली.

बंदूक घ्यावी की न घ्यावी, हे आम्ही सांगणार नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण एकदा ती घरात आली की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. चाप जड लागतो, दस्ता खांद्याला नीट बसत नाही, वर दुर्बीण लावायची आहे, नळीला गंज चढलाय. अशा वेळी घरचा हौशी मुलगा म्हणतो, “कारागिराला कशाला पैसे द्यायचे? व्हिडिओ बघतो, सुटे भाग मागवतो, शनिवारी रात्री बसून करून टाकतो.” त्याचं ऐकावं का?

पलटणीतला नियम

या प्रश्नाचं उत्तर आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. कोकणात आपण शनिवार तेली होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण घाणा सोडून जे मुंबईला आले त्यांतले पुष्कळ जण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती झाले आणि सुभेदारीपर्यंत चढले. मांडवीला १७९६ साली आपलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, हे पलटणीतलेच. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधलं. त्यांच्यानंतर कित्येक पिढ्या आपल्या घरांतून पलटणीत गेल्या.

पलटणीत एक साधी वाटणी होती. बंदूक साफ करणं शिपायाचं काम आणि दुरुस्त करणं आर्मररचं. ज्या आजोबांनी कॉलेजात एन.सी.सी. केली त्यांना हे आठवत असेल. थ्री-नॉट-थ्री रायफल, तेलाची छोटी बाटली, चिंधी आणि ‘फुलतरू’. मुलांनो, फुलतरू म्हणजे काय ते सांगतो. एक लांब दोरी, तिच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायला फासा. वजन नळीत सोडायचं आणि दुसऱ्या बाजूने दोरी ओढून घ्यायची, म्हणजे चिंधी नळीतला काळा मळ पुसत बाहेर येते. इंग्रजी ‘पुल-थ्रू’चं आपल्या शिपायांनी फुलतरू केलं. दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं आणि रायफल मोजून कोतात, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, परत द्यायची. एवढंच शिपायाचं काम. त्यापुढे स्क्रूला हात लावायचा नाही.

असं का? रायफलीचा बोल्ट त्याच रायफलीला जुळवलेला असतो, आणि त्यावर तिचाच नंबर असतो. नंबर ४ जातीच्या थ्री-नॉट-थ्रीत बोल्टचं डोकं चार मापांत मिळे. त्यावर ०, १, २ आणि ३ असे आकडे असत. काडतूस नळीत बसल्यावर त्याच्या बुडाशी किती फट राहते ते आर्मरर गेज घालून पाही आणि त्याप्रमाणे डोकं निवडी. हा फरक डोळ्याला दिसत नाही. फट जास्त राहिली तर पितळी पुंगळी मागच्या बाजूला फाटते आणि तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. दोन शिपायांचे बोल्ट साफ करताना चुकून अदलाबदल झाले तरी हा धोका होता. म्हणून तर हवालदार परत घेताना नंबर तपासत असे.

भारतात पुढे कायद्यानेही ही वाटणी पक्की केली. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवणंच नव्हे, तर दुसऱ्यासाठी दुरुस्त करणं किंवा तिच्यात फेरफार करणं हा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. सहाव्या कलमाप्रमाणे नळी आखूड करायलाही परवाना लागतो. त्यामुळे आपल्याकडे ‘घरी करू का’ हा प्रश्न क्वचितच कुणाला पडला.

अमेरिकेची गोष्ट वेगळी

अमेरिकेत या कामाची सुरुवात कारागिरापासूनच झाली. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागातले कारागीर लांब नळीच्या रायफलींसाठी प्रसिद्ध होते. त्यांतला एक विल्यम हेन्री (१७२९–१७८६). गंमत म्हणजे काही काळ त्याचा दुकानातला भागीदार होता जोसेफ सायमन, लँकेस्टरचा ज्यू व्यापारी. तिथली ज्यू दफनभूमी १७४७ साली घेण्यात याच सायमनचा पुढाकार होता. त्या काळी प्रत्येक बंदूक हाताने बने. एकीचा भाग दुसरीला बसत नसे. मोडली की ती कारागिराकडेच जायची, दुसरा इलाज नव्हता.

मग १८२० च्या दशकात हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल याने एकमेकींना बसतील असे भाग यंत्रांवर काढून दाखवले. ही मोठी क्रांती होती. शिवणयंत्र, सायकल, मोटार हे सगळं त्याच वाटेने आलं. पण तिथूनच एक समजूतही रुजली : भाग विकत मिळतो, म्हणजे तो कुणालाही बसवता येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही समजूत घरोघर पोचली. युरोपातल्या सैन्यांच्या जुन्या रायफली जहाजं भरभरून आल्या आणि टपालाने स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. लोकांनी त्या गॅरेजमध्ये नेल्या, लाकडी दस्ते करवतीने कापले, नळ्या छाटल्या, मूळ दर्शक काढून टाकले आणि शिकारीच्या रायफली केल्या. अध्यक्ष केनेडींची १९६३ साली हत्या झाली ती अशाच टपालाने मागवलेल्या इटालियन रायफलीने. १९६८ च्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माणसाच्या घरी टपालाने बंदूक पाठवणं बंद केलं. पुढे आपल्या बंगालमधल्या इशापूर कारखान्यातल्या रायफलीही इथे विकायला आल्या, आणि त्यांतल्या काहींची तशीच कापाकापी झाली.

आज काय दिसतं? ज्या रायफली कुणी हात न लावता ठेवल्या त्यांना संग्राहक चांगली किंमत देतात. कापलेल्या रायफलीला त्या मानाने फारच कमी मिळते, कारण कापलेलं लाकूड वाढत नाही. म्हणून घरात जुनी बंदूक सापडली तर आधी जाणकाराला दाखवा, मग पॉलिश पेपर हातात घ्या. चांगला कारागीर पुष्कळदा एवढंच सांगतो : “हिला काही करू नका. तेलाचा हात फिरवा आणि ठेवा.”

घरी काय करावं

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते करावंच. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा पाहून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नळी साफ करणं, बाहेरून तेलाचा पातळ हात देणं, पट्टा बदलणं, दस्त्याला जवसाचं तेल चोळणं, दस्त्याच्या टोकाला रबरी गादीचं मोजं चढवणं. कंपनीच्या पुस्तिकेत मालकाने करायचं म्हणून जेवढं दिलं आहे तेवढं करा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. नळीतल्या मळात शिसं असतं. म्हणून खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकाच्या टेबलावर हे काम करू नका, आणि नंतर हात साबणाने धुवा. आणि तेल्यांच्या वंशजांना हे सांगायला नको, पण जवसाचं तेल लागलेली चिंधी चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी बाहेर पसरून वाळू द्या.

कुठे थांबावं

पहिली जागा चाप. चाप हलका करायचा म्हणून आतली खाच कानशीने घासणारे लोक आहेत. ती खाच घोड्याला अडवून धरते. तिच्यावरचा टणक थर पातळ असतो. तो गेला की पुढे ती झिजतच राहते, आणि एक दिवस बंदूक नुसती टेबलावर आपटली तरी गोळी सुटते. पहिल्या दहा-वीस वेळा सगळं ठीक चालतं, म्हणून तर हे काम फसवं.

दुसरी जागा नळी आणि बोल्ट. वर सांगितलेली ती फट गेजशिवाय कळत नाही. नळी बदलणं, बोल्ट बदलणं, काडतुसाची खोबण मोठी करणं, ही सगळी कारागिराची कामं.

तिसरी जागा जुनी दुनळी. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती बहुधा ‘दमास्कस’ नळी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून ती केलेली असते. ती काळ्या दारूच्या काळातली. आजच्या धूररहित दारूचा दाब तिला सोसेल याची खात्री नाही. शिवाय जुन्या दुनळीची काडतुसाची खोबण पुष्कळदा आजच्या काडतुसापेक्षा आखूड असते. काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १८१३ पासून बंदुका तपासून शिक्का मारणारं केंद्र आहे. नळीवर असे शिक्के असतील तर ते वाचू शकणाऱ्या कारागिराला दाखवा. तोपर्यंत तिच्यात काडतूस घालू नका.

आणि काडतुसाचं आणखी एक. २० नंबरचं काडतूस १२ नंबरच्या नळीत घातलं तर ते थोडं पुढे सरकून अडकतं. नळी रिकामी दिसते. मागून १२ नंबरचं घातलं आणि चाप ओढला की नळी हातात फुटते. म्हणून अमेरिकेत २० नंबरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. नाव वाचता आलं नाही तरी रंग ओळखता येतो.

कायद्याच्या रेषा

काही कामं कारागिराकडे नेण्याचाही प्रश्न नाही, ती करायचीच नाहीत. १९३४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी १८ इंचांहून आणि रायफलीची १६ इंचांहून आखूड करायची तर आधी सरकारी मंजुरी आणि नोंदणी लागते. यासाठी २०० डॉलरचा कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला आहे, आणि त्यावरून ‘आता सगळं मोकळं झालं’ असं बोललं जातं. तसं नाही. कर गेला, मंजुरी आणि नोंदणी राहिली. न घेता कापली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय काही राज्यं नोंदणी करूनही परवानगी देत नाहीत. चाप एकदा ओढून अनेक गोळ्या सुटाव्यात असा बदल तर घरी कुणी मनातही आणू नये.

नंबर खोडू नका. गंज काढताना तो चुकून घासला गेला तरी प्रकरण वाढतं. १९६८ च्या आधीच्या काही बंदुकांवर मुळातच नंबर नसतो, ती गोष्ट वेगळी.

सुट्या भागांच्या पेट्यांबद्दलही मुलं विचारतात. घरी जोडता येईल अशा पेटीलाही बंदूकच मानायचं, तिला नंबर हवा आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याची चौकशी करायला हवी, असा नियम २०२२ साली आला. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च २०२५ रोजी तो ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाचे स्वतःचे कायदे याहून कडक आहेत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आपल्या लोकांसाठी. ग्रीन कार्ड असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक ठेवता येते. पण पाहुणे म्हणून व्हिजावर आलेले आई-वडील, शिकायला आलेला भाचा, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिजावरची पुतणी यांना सहसा ती जवळ बाळगायलाही मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे थोडे अपवाद सोडले तर हीच स्थिती आहे. ‘जवळ बाळगणं’ यात नेमबाजीच्या मैदानावर भाड्याने घेणंही येतं. म्हणून कौतुकाने “बाबा, जरा धरून बघा, फोटो काढतो” म्हणू नका. एका फोटोपायी पुढचा व्हिजा अडकू शकतो.

कारागीर कसा निवडावा

पैसे घेऊन बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे केंद्रीय परवाना हवा. तो पाहायला मागा, त्यात संकोच नको. पण परवाना म्हणजे हुशारीचा दाखला नव्हे. तो धंद्याचा कागद आहे. म्हणून शिकला कुठे, हेही विचारा. कोलोरॅडोत ट्रिनिडाड इथल्या कॉलेजात १९४७ पासून हा अभ्यासक्रम आहे, पिट्सबर्गला पेनसिल्व्हेनिया गनस्मिथ स्कूल १९४९ पासून आहे. कुणी सैन्यात आर्मरर होता, कुणी वडिलांच्या हाताखाली शिकला, तेही चांगलंच.

जाण्याआधी फोन करा. बंदूक रिकामी, पेटीत बंद, काडतुसं वेगळी. ने-आणीचे नियम राज्याप्रमाणे बदलतात, तेही विचारून घ्या. काय करायचं आणि खर्च किती, हे आधी कागदावर घ्या. बंदूक रात्रभर ठेवून घेतली तर तो ती वहीत नोंदवतो. ज्याने दिली त्यालाच परत देताना नवा फॉर्म लागत नाही. पण आजोबांनी दिली आणि नातू आणायला गेला तर फॉर्म आणि चौकशी लागू शकते. तेव्हा ज्याने द्यायची त्यानेच आणायची.

आणि बंदूक घरात नकोच असेल, तर ती कचऱ्यात किंवा नदीत टाकू नका. पोलिसांच्या तातडीच्या नव्हे, साध्या नंबरावर फोन करा आणि काय करायचं ते विचारा. पिशवीत घालून थेट चौकीत जाऊ नका.

मुलांनो, तुमच्यासाठी

तुमच्या घरी मेझुझा आहे ना? दारावर तो बाबा लावतात. पण आतल्या चर्मपत्रावरचं अक्षर पुसट झालं तर पेन घेऊन कुणी ते गिरवत नाही. ते सोफेरकडे नेतात. बंदुकीच्या आतल्या भागांचंही तसंच.

पण तुमचं काम त्याहून सोपं आहे. कुठेही, मित्राच्या घरीसुद्धा, बंदूक दिसली तर चार गोष्टी करा : थांबा. हात लावू नका. तिथून निघा. मोठ्या माणसाला सांगा. ती खोटी वाटली तरी, मित्र म्हणाला “रिकामी आहे” तरी. सांगितल्याबद्दल तुम्हांला कुणी रागावणार नाही.

मोठ्यांनी आपलं काम करायचं. बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली खिशात. दुरुस्तीसाठी सुटे केलेले भाग गॅरेजच्या टेबलावर पसरून जेवायला उठायचं नाही. अर्धवट जोडलेली बंदूक मुलांना खेळण्यासारखी दिसते. न्यू यॉर्कसह अनेक राज्यांत मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणं गुन्हा आहे.

आजोबांनो, तुमच्यापैकी ज्यांनी एन.सी.सी. किंवा सैन्य पाहिलंय त्यांना एक विनंती. नातवंडं बंदूक पाहतात ती सिनेमात आणि खेळांत. तिथे ती कुणी साफ करत नाही, मोजून कोतात परत देत नाही, बोल्टचा नंबर तपासत नाही. एखाद्या शब्बाथच्या दुपारी त्यांना फुलतरू, चिंधी आणि त्या नंबर तपासणाऱ्या हवालदाराची गोष्ट सांगा. गॅरेजमध्ये स्क्रू ड्रायव्हर उचलणाऱ्या हौशी मुलालाही तेव्हा जवळ बसवून घ्या.